बोटावरचे दोन आंकडे

सन २०२१ च्या फेब्रुवारींत अमरावती व अकोला या जिल्ह्यांत कोरोनाच्या सांथीनें पुन्हां डोकें वर काढलें आणि २२ तारखेपासून अमरावती शहरांत टाळेबंदी लागली. त्या दिवसांत वऱ्हाडांतील अनेक घरांत औषधांच्या कपाटांत ऑक्सिमीटर येऊन बसलें, तें सांथ ओसरल्यावरहि तेथेंच आहे. बोटाला लावतांच त्यावर दोन आंकडे उमटतात: एक रक्तांतील प्राणवायूचा, दुसरा नाडीचा. पहिला आंकडा घरभर मोठ्यानें वाचला जातो. दुसऱ्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. जमाखर्चाच्या वहींतील एकच बाजू वाचण्यासारखें हें झालें.

या यंत्राची युक्ति जपानांतील ताकुओ आओयागी यांनीं १९७४ च्या सुमारास शोधून काढली. तांबडा व डोळ्यांस न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश बोटांतून जातात, आणि प्राणवायु घेतलेलें व न घेतलेलें रक्त ते निरनिराळ्या प्रमाणांत शोषून घेतें. नाडीच्या प्रत्येक लाटेबरोबर हा फरक मोजला जातो.

मात्र ही शेंकडेवारी आहे, हें विसरतां कामा नये. रक्तांतील हिमोग्लोबिनपैकीं किती भाग प्राणवायूनें भरला आहे एवढेंच ती सांगते. मुळांत हिमोग्लोबिन आहे किती, तें सांगत नाहीं. अकोल्याच्या बाजारांत कापसाच्या १०० गाड्या निघाल्या व त्यांपैकीं ९८ भरलेल्या असल्या, तर प्रमाण शेंकडा ९८. गाड्या ५० च उरल्या व ४९ भरलेल्या असल्या, तरीहि प्रमाण शेंकडा ९८ च! कापूस मात्र निम्मा. तितकाच माल पोंचवावयाचा तर प्रत्येक गाडीला दोन खेपा कराव्या लागतील. शरीरांत ही खेपांची धांवपळ हृदय करतें. १०० घनसेंटिमीटर रक्तांत १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असल्यास तें सुमारें २० घनसेंटिमीटर प्राणवायु वाहून नेतें. हिमोग्लोबिन साडेसातावर आलें कीं प्राणवायु दहावर येतो. मग नाडी वाढते, प्रथम श्रम करतांना व पुढें बसल्या जागींहि.

म्हणूनच एका नेहमींच्या प्रसंगाचा विचार करावा. सून जिना चढून येते, छातींत धडधडतें म्हणते. यंत्रावर ९९ दिसतात, आणि "ऑक्सिजन उत्तम आहे" असें म्हणून सारे निश्चिंत होतात. शेजारचा ११५ हा आंकडा कोणी विचारांतच घेत नाहीं. सर्वांचीं पानें उठल्यावर उरेल त्यावर भागविण्याची रीत जेथें अजून टिकून आहे, तेथें तर या आंकड्याची आधीं चौकशी व्हावयास हवी. साध्या रक्तपरीक्षेनें उलगडा होतो: प्रौढ स्त्रीचें हिमोग्लोबिन १२ च्या खालीं, गर्भवतीचें ११ च्या खालीं, म्हणजे पंडुरोग.

फुप्फुसांच्या विकारांत प्रकार निराळा. तेथें गाड्या पुरेशा असतात, पण रिकाम्या परततात; पहिला आंकडा उतरतो आणि हृदय वेग वाढवून तूट भरूं पाहतें. हें उतरणें चिखलदऱ्याच्या पठारासारखें आहे. बराच वेळ सपाटीवरून चालावें आणि एकदम कडा लागावा! फुप्फुसांतील प्राणवायु बराच घटला तरी आंकडा थोडाच हलतो. नव्वदाच्या आसपास कडा येतो, आणि पुढें थोड्या घटीनेंहि तो कोसळतो. शाळेंत ९० गुण म्हणजे आनंद. येथें ९० म्हणजे तांतडीनें इस्पितळ. शिवाय धाप मुख्यतः रक्तांत कर्बवायु सांचल्यानें लागते, त्यामुळें कोरोनांत कित्येक रोगी आंकडा घसरत असतांहि शांतपणें बोलत असत. याकरितांच सहा मिनिटें चालवून आंकडा पुन्हां पाहण्याची रीत त्या वेळीं रूढ झाली.

नाडीचा अर्थ लावतांनाहि तारतम्य हवें. विसाव्याच्या वेळीं ६० ते १०० ठोके सामान्य समजतात. ताप, भीति किंवा नुकताच घेतलेला चहा तिला वाढवितो. उलट, रक्तदाबासाठीं बीटा-ब्लॉकर जातीचीं औषधें घेणाऱ्या आजोबांची नाडी संकटांतहि फारशी धांवत नाहीं. बोट गार असल्यास किंवा नखाला गडद रंग असल्यास यंत्र चुकतें, आणि सांवळ्या त्वचेवर तें प्राणवायूचा आंकडा कधीं कधीं खऱ्याहून अधिक दाखवितें.