अक्षर हरवते कुठे?

शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांची यादी उघडावी आणि 'कमल'च्या जागी भलतीच चिन्हे दिसावीत, हा अनुभव अनेक शिक्षकांना असेल. आमच्यासमोर अशा दोन याद्या आल्या. पहिलीत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतला छोटा 'ए', चारी कोपऱ्यांना काड्या फुटलेले वर्तुळ, ठळक टिंब आणि पुन्हा तोच 'ए', अशी रांग लागलेली होती. दुसरीत नुसती प्रश्नचिन्हे होती. पहिलीतली सर्व नावे परत मिळाली. दुसरीतली गेली ती गेलीच. असे का झाले असेल?

आकडा एक, अर्थ अनेक

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याचे कोणते अक्षर, हे एका कोष्टकात ठरवलेले असते. अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या 'आस्की' कोष्टकात १२८ जागा होत्या. त्यात रोमन मोठ्या 'ए'चा आकडा ६५. पण एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. उरलेल्या जागा ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे भरल्या. पश्चिम युरोपने तेथे उच्चारचिन्हांची अक्षरे ठेवली, तर भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या 'इस्की' मानकाने भारतीय लिपी बसवल्या. म्हणून १७९ हा आकडा इस्कीत 'क' आहे, तर पश्चिम युरोपच्या कोष्टकात घनमीटर लिहिताना वर चढवतो तो छोटा ३ आहे. गंमत अशी, की तो कोणत्या कोष्टकातला, हे आकड्यावर कोठेच लिहिलेले नसते.

मधला मुक्काम

आता समजा, अशी दहा कोष्टके आहेत. प्रत्येकातून इतर नऊंत थेट रूपांतर करायचे तर ९० नियमावल्या लागतील. मध्ये एक सामाईक कोष्टक ठेवले, तर दहा येण्याच्या आणि दहा जाण्याच्या अशा वीस पुरतात. 'युनिकोड' हे ते सामाईक कोष्टक. त्याची पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ हे आकडे मिळाले. त्यांचा क्रम इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतला आहे.

पायथनसारख्या भाषेत रूपांतराची ही सोय तयार मिळते. 'डिकोड' ही आज्ञा बाइट वाचून युनिकोडची अक्षरे देते, 'एन्कोड' ही अक्षरांचे पुन्हा बाइट करते. वाचताना कोष्टकाचे नाव मात्र आपण बरोबर सांगायला हवे.

चौसष्टने भागा

'क'चा युनिकोड आकडा २३२५. तो एका बाइटमध्ये मावत नाही. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली 'यूटीएफ-८' ही युक्ती काढली. देवनागरीपुरती ती साध्या भागाकाराने समजते. २३२५ ला ६४ ने भागले, तर भागाकार ३६ आणि बाकी २१ येते. पहिला बाइट २२४, दुसरा १२८ + ३६ = १६४, तिसरा १२८ + २१ = १४९. झाला 'क'! हेच तीन बाइट पश्चिम युरोपच्या विंडोज कोष्टकाने वाचले, की रेघवाला 'ए', काड्यांचे वर्तुळ आणि ठळक टिंब दिसते. म्हणजे पहिल्या यादीतले आकडे शाबूत होते, वाचणारा चुकला होता. योग्य कोष्टक सांगताच 'कमल' परत आली.

दुसऱ्या यादीचे काय झाले?

तेथे मराठी मजकूर देवनागरी नसलेल्या कोष्टकात घातला गेला. अशा वेळी 'एन्कोड'पुढे तीन वाटा असतात: काम थांबवून चूक दाखवणे, ते अक्षर वगळणे किंवा त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवणे. पायथन आपण होऊन पहिली वाट धरतो. कटकट नको म्हणून कोणी तिसरी निवडली, की 'क', 'म', 'ल' या सर्वांचा आकडा ६३ होतो. अनेक संख्यांना एकच उत्तर देणारे फलन उलटवता येत नाही, हे गणिताचे शिक्षक जाणतातच. ६३ वरून मूळ अक्षर 'क' की 'म' की 'ल', कोण सांगणार?

जुन्या मराठी फाँटमधील मजकुराची गोष्ट आणखी वेगळी. त्यांपैकी बहुतेकांत आकडे अक्षरांना नसून आकारांना दिलेले असत, आणि तेही प्रत्येक फाँटचे निराळे. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी 'क'च्या आधी साठवली जाई. युनिकोडमध्ये ती नंतर येते. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या नंतर असे; युनिकोडमध्ये 'र' आणि हलन्त 'य'च्या आधी येतात. येथे आकडे बदलून भागत नाही, क्रमही बदलावा लागतो.

म्हणून रूपांतरापूर्वी मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवावी. चिन्हे विचित्र दिसली, तर फाइल जतन न करता बंद करावी आणि दुसऱ्या कोष्टकाने उघडून पाहावी. चुकीचे दिसणे दुरुस्त होते, चुकीचे साठवणे नेहमीच होईल असे नाही.

करून पाहा: 'म'चा आकडा २३५० आणि दीर्घ वेलांटीचा २३६८ आहे. यांचे तीन-तीन बाइट विद्यार्थ्यांना काढायला सांगा. दुसऱ्या उदाहरणात मधला बाइट १६५ का येतो, हेही विचारा.