कोय, नळी, भोपळा: घरी केलेली फुंकवाद्ये

आवाज कुठून उठतो

फुंकवाद्यात आवाज मुख्यतः दोन तऱ्हांनी उठतो. शिट्टीत आणि बासरीत फुंकर एका धारदार कडेवर आपटते आणि नळीतली हवा हेलकावे घेऊ लागते. पिपाणीत किंवा सनईत फुंकरीने पात थरथरते. पावसाळ्यात रुजलेली आंब्याची कोय उचलून, टरफल सोलून, टोक दगडावर घासून मुले पुंगी करतात, ती दुसऱ्या जातीची. आतल्या गराच्या दोन भागांमधून हवा गेली की ते एकमेकांवर आपटतात. सनईची पत्तीही अशीच जोडीने वाजते. भोपळ्याच्या पानाच्या पोकळ देठाला चीर देऊन केलेली पिपाणी मात्र एकेरी पातीची. ती लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नळी किती लांब?

बासरीसाठी बांबूच हवा असे नाही. आपल्याकडचा मानवेल जाड भिंतीचा, जवळजवळ भरीव. त्याची काठी छान होते, बासरी नाही. वायरिंगचा २० मिमीचा प्लास्टिक पाइप शिकायला उत्तम, बिघडला तरी हळहळ नको. गाजराच्या पुंगीसारखा मोडून खाता येत नाही, एवढेच.

हिशेब सोपा आहे. दोन्ही टोकांना उघड्या नळीत आवाजाच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागले की कंपनसंख्या मिळते. २७ अंश तापमानाला वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर, म्हणून ५२३ हर्ट्झसाठी (पेटीवरच्या पांढरी एकचा तार सा) ३३ सेंमी लांबी येते. प्रत्यक्षात हवेचा हेलकावा दोन्ही तोंडांबाहेर थोडा डोकावतो, त्यामुळे फुंकीच्या भोकापासून टोकापर्यंत सुमारे ३० सेंमी पुरतात. तरी भोकापुढे पाइप आधी ३२ सेंमी ठेवावा आणि ऐकत ऐकत कापावा. कापलेले परत जोडता येत नाही. पेनाच्या टोपणासारखी एका बाजूने बंद नळी त्याच सुरासाठी निम्मी लांब लागते.

भोके

बासरीची सहाही भोके बंद केली की मंद्र पंचम येतो, वरची तीन बंद केली की सा. म्हणजे आपला हा पाइप पांढरी चारची बासरी झाला. टोकाकडच्या भोकापासून सुरुवात करून एकेक सूर लावत तोंडाकडे यावे. भोक आधी लहानच पाडावे. कानशीने मोठे केले की सूर चढतो. जास्त चढला, तर भोकाच्या तोंडाकडच्या कडेला मेण लावले की उतरतो.

हवामानही लक्षात घ्यावे. नाशिकच्या डिसेंबरातल्या १० अंशांच्या पहाटे आणि एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारी आवाजाच्या वेगात पाच टक्क्यांचा फरक पडतो, म्हणजे जवळपास अर्धा सूर. श्वासाने नळी तापते म्हणून तो तितका जाणवत नाही, पण गार बासरीवर भोके पाडू नयेत. आधी जरा वाजवून घ्यावी.

पावरी आणि तारपा

देठाच्या पिपाणीचे मोठे भावंड नाशिक जिल्ह्यातच आहे. सुरगाणा-कळवण भागातल्या कोकणा समाजाची पावरी मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात घुमते. जव्हार-डहाणूकडच्या वारल्यांचा तारपा तिचा सख्खा. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमधले, वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांचे वेटोळे सगळ्यांनी पाहिलेले असते. मधल्या माणसाच्या हातात हाच तारपा.

वाळवून पोकळ केलेला दुधी, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला कर्णा. तारप्याचा कर्णा ताडाच्या पानांचा असतो. जिभली, म्हणजे थरथरणारी पात, भोपळ्याच्या आत असते, ओठ तिला लागतच नाहीत. भोपळा हवेचा साठा करतो आणि वादक गालात धरलेली हवा सोडत असतानाच नाकाने श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाही.

कारागिरीचा कस जिभलीत लागतो. एकेरी जिभली मुळाशी तासली की सूर उतरतो, टोकाशी तासली की चढतो. टोकावर मेणाचा कण चिकटवला की पुन्हा खाली येतो. माझ्या मते नवशिक्याने चाकूऐवजी मेणावर भिस्त ठेवावी. ते काढता येते. जिभलीवर बांधलेला दोरा टोकाकडे सरकवला तर थरथरणारा भाग आखूड होऊन सूर वर जातो. दोन नळ्या जुळवताना हे सगळे दोनदा करावे लागते.

भोपळ्याचे सांधेही मेणानेच लिंपलेले असतात. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण उन्हात त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. वाद्य सावलीत टांगावे, आणि हवा सुटते आहे असे वाटले तर जिभलीला हात लावण्याआधी सांधे तपासावेत.