वेदनेचे उद्गार आणि वऱ्हाडीतील माय

वेदनेच्या क्षणी तोंडातून निघणारा उद्गार भाषेत धरावा की नाही, यावर इंग्रजी व्याकरणकारांत एकेकाळी मोठे मतभेद होते. ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’ (१७८६) या ग्रंथाचा कर्ता जॉन हॉर्न टूक याने असे उद्गार पशूंच्या ओरडण्याच्या रांगेत बसवून त्यांना भाषेतून हद्दपारच केले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर मराठीचे व्याकरण रचले, आणि या परंपरेने टूकचे ऐकले नाही हे मराठीचे सुदैव होय. शालेय व्याकरणात स्थिरावलेल्या आठ शब्दजातींत केवलप्रयोगी अव्ययाला, म्हणजे वाक्याशी संबंध न ठेवता एकट्यानेच भावना व्यक्त करणाऱ्या अविकारी शब्दाला, हक्काची जागा मिळाली. मात्र ‘शोकदर्शक’ या एकाच पोटभेदात ठेच लागल्यावरचे ‘आई गं’ आणि मरणवार्तेवरचे ‘अरेरे’ एकत्र कोंबले गेले.

इंग्रजीत कळ आणि शोक यांची वाटणी शब्दांनीच केली आहे. ‘अलास’ हा शोकाचा उद्गार जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याच्या मुळाशी थकव्याचा अर्थ आहे. ‘आउच’ हा शरीराच्या कळेचा उद्गार एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील छापील इंग्रजीत दिसू लागला आणि तो पेनसिल्व्हेनियातील जर्मन वसाहतींच्या बोलीतून आला असावा, असे मानले जाते. यांपैकी कोणताही शब्द कुणाला हाक मारीत नाही.

वऱ्हाडात मात्र उद्गार हीच हाक असते. वेचणीच्या वेळी पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडाचे टोक नखात शिरले की ‘अवं माय’ निघते, दुखणे लांबले की ‘लय दुखून रायलं वं माय’ असे त्याचे वाक्य होते, आणि दुसऱ्याचे दुःख ऐकताना ‘बाप्पा’ येते, जे समोर लहान मूल असो की म्हातारी बाई, बदलत नाही. ‘वं’ हे स्त्रीला उद्देशून योजले जाणारे संबोधन असल्याने माय जवळ नसतानाही तिच्याशी बोलणे चालूच राहते. म्हणून ‘केवलप्रयोगी’ ही संज्ञा येथे अपुरी पडते.

या उद्गारांची नोंद का राहिली नाही, याचे एक कारण जॉर्ज ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात सापडते. मराठीला वाहिलेला त्याचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने आहेत. बोलींची तुलना सुकर व्हावी म्हणून भारतभर एकच कथा, बायबलमधील उधळ्या पुत्राची, भाषांतरित करून घेण्यात आली. या कथेत बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत, उपासमार आणि पश्चात्तापही आहे. पण आई नाही. बापाला घातलेली साद त्यामुळे प्रत्येक बोलीतून कागदावर उतरली, आणि ज्या बोलीत वेदनेची पहिली हाक मायला जाते, तिची ती हाक या कथेबाहेरच राहिली. रूपे आणि प्रत्यय यांच्या तुलनेसाठी ही निवड योग्यच होती, पण जिव्हाळ्याच्या भाषेला ती महाग पडली. ही उणीव पुढे साहित्याने काही अंशी भरून काढली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीत कौतिकच्या कष्टांची कहाणी वऱ्हाडी संवादांतूनच उभी राहते.

अलीकडच्या संशोधनाने टूकचा तिरस्कार निराधार ठरवला आहे. २०१५ मध्ये सिंगापूरच्या अभ्यासकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थंडगार पाण्यात हात बुडवलेली माणसे स्वतः ‘आउ’ म्हणत असताना अधिक वेळ तग धरू शकली; ध्वनिमुद्रित ‘आउ’ नुसते ऐकून तसा उपयोग झाला नाही. २०२४ मध्ये १३१ भाषांतील उद्गार तपासणाऱ्या अभ्यासात वेदनेच्या शब्दांत ‘आ’सारखे विवृत, म्हणजे तोंड मोठे उघडून उच्चारलेले स्वर, तसेच ‘आइ’, ‘आउ’ असे जोडस्वर विशेष आढळले. ‘आई’ आणि ‘माय’ या दोहोंचा उच्चार याच घडणीचा आहे, हा योगायोग असो वा नसो, तपासण्याजोगा खचित आहे.

ते काम आता जवळच होऊ शकते. महानुभावांच्या रिद्धपुरात, अमरावती जिल्ह्यातच, मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्याने अकोला-अमरावतीच्या शेतांतून, बाळंतिणींच्या खोल्यांतून आणि दवाखान्यांतून हे उद्गार, बोलणाऱ्यांच्या संमतीने, सुरासकट ध्वनिमुद्रित करावेत आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या दुखण्यावर निघाले, ऐकायला कोण होते, ‘वं’ म्हटले की ‘रे’, हेही टिपून ठेवावे.