वजन कमी करण्यासाठी परवडणारा आहार : निवड कशी करावी?



आपल्या वस्त्यांमधून हल्ली एक दृश्य वारंवार दिसते. कोणाच्या तरी घरी एक ओळखीची व्यक्ती येते, वजनकाटा काढते, "तुमचे वजन इतके जास्त आहे" असे सांगते आणि पावडरीचा डबा पुढे करते. एका डब्याची किंमत ऐकून प्रथम छाती दडपते. पण महिन्यात पाच-सहा किलो उतरतील या आशेने घरातील माऊली साठविलेले पैसे काढून देते. आमच्या परिचयातील एका भगिनीने असे तीन डबे घेतले. वजन उतरलेही, पण डबे संपले आणि चार महिन्यांत ते पूर्ववत झाले. त्या तीन महिन्यांत मुलाच्या क्लासची फी मात्र थकली. प्रस्तुत लेख लिहिण्यास हा प्रसंग कारण झाला.

वजनाचा प्रश्न खोटा नाही. खोटे आहे ते त्यावर महागडाच उपाय हवा हे सांगणे. आपल्या मिळकतीत बसेल आणि वर्षानुवर्षे पाळता येईल असा आहार कसा निवडावा, याचा विचार आपण येथे करू.

उपासमारीकडून स्थूलतेकडे

आपल्या वडीलधाऱ्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. मिलोची लाल ज्वारी आणि सुकडी यांवर दिवस काढलेली माणसे आजही आपल्यात आहेत. ज्या घरात पोटभर अन्न हीच मोठी गोष्ट होती, तेथे अंगाने भरलेले मूल म्हणजे सुखाचे लक्षण मानले गेले. त्यात कोणाचा दोष नाही. "अजून एक घे" हा आग्रह त्या भुकेच्या आठवणीतून आला आहे.

परंतु काळ बदलला. शेतात आणि गिरणीत राबणाऱ्यांची मुले कार्यालयात खुर्चीवर बसू लागली. तेल, साखर, मैदा आणि फरसाण स्वस्त व हाताशी आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले. त्याच पाहणीत ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे पोट भरते आहे, पण सत्त्व मिळत नाही, अशी अनेक घरांची स्थिती आहे. मधुमेह आणि रक्तदाब यांची औषधे घराघरात पोहोचली आहेत. परमपूज्य बाबासाहेबांनाही उत्तरायुष्यात मधुमेहाने किती त्रास दिला, हे आपण जाणतोच.

आपले वजन खरोखर जास्त आहे काय?

कोणा विक्रेत्याने सांगितले म्हणून आपण लठ्ठ ठरत नाही. हिशेब घरी करता येतो. वजन किलोमध्ये घ्यावे आणि त्यास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. भारतीयांसाठी उत्तर २३ च्या आत असावे. २३ ते २५ म्हणजे वजन वाढते आहे आणि २५ च्या पुढे स्थूलता, असे आपल्या डॉक्टरांनी ठरविलेले प्रमाण आहे. उदाहरणार्थ, १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन सुमारे ५९ किलोपर्यंत ठीक, ६४ च्या पुढे स्थूल.

याहून सोपे साधन म्हणजे शिंप्याची टेप. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असेल, तर सावध व्हावे. आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि पोट सुटलेले असे पुष्कळदा आढळते. पोटाभोवतीची ही चरबी मधुमेहाला अधिक जवळची असते.

राजा प्रसेनजिताची कथा

आहाराच्या बाबतीत आपल्याला परक्या दारी जाण्याचे कारण नाही. संयुत्त निकायातील कोसल संयुत्तात 'दोणपाक सुत्त' आहे. कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर शिजविलेला भात खात असे. एकदा असे जेवून तो धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला भोजनाची मात्रा जाणण्याविषयी एक गाथा सांगितली. राजाने आपल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती पाठ करावयास लावली आणि जेवणाच्या वेळी म्हणावयास सांगितले. त्याबद्दल त्याला रोज शंभर कार्षापण मिळत. पुढे राजाचा आहार हळूहळू कमी होत नाळीभर भातावर आला आणि शरीर हलके झाले.

अट्ठकथेत यातील एक बारकावा दिला आहे. शेवटचा घास राजाने बाजूला ठेवावा, त्यात शिते किती ते पाहावे आणि दुसऱ्या दिवशी तेवढे तांदूळ कमी शिजवावेत. राजाला कोणी उपाशी ठेवले नाही. त्याचे नेहमीचे अन्न बदलले नाही. रोज एक घास कमी झाला आणि जेवताना आठवण करून देणारा माणूस जवळ राहिला. आजचे आहारशास्त्र याहून फारसे वेगळे सांगत नाही.

दुसरी गोष्ट मध्यम मार्गाची. बोधिसत्त्वाने अन्नत्यागाची परिसीमा करून पाहिली, शरीर अस्थिपंजर झाले, आणि तो मार्ग सोडून सुजातेची खीर स्वीकारली. केवळ काकडी आणि लिंबूपाणी यांवर दिवस काढणाऱ्या आपल्या तरुण-तरुणींनी ही कथा ध्यानात ठेवावी.

झटपट उतरलेले वजन परत का येते?

शरीरात साखरेचा थोडा साठा असतो आणि त्यासोबत तिप्पट पाणी धरून ठेवलेले असते. खाणे एकदम तोडले की प्रथम हा साठा आणि पाणी जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली दिसतो आणि "पावडर लागू पडली" असे वाटते. उपासमार चालूच राहिली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू कमी झाले की शरीराचा दररोजचा खर्चही कमी होतो. मग पूर्वीचे खाणे सुरू होताच वजन वेगाने परत येते, आणि परत येते ते बहुतांशी चरबीच्या रूपाने.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात. तेव्हा आठवड्याला पाव ते अर्धा किलो उतरणे हीच योग्य गती होय. महिन्याला एक-दीड किलो ऐकावयास थोडे वाटते. वर्षाअखेर बेरीज करून पाहावी.

निवडीच्या चार कसोट्या

कोणतीही आहारयोजना पुढे आली की आपण चार प्रश्न विचारावेत.

१) हे अन्न आपल्या बाजारात बाराही महिने मिळते काय? ओट्स, ऑलिव्ह तेल यांच्यावाचून काही अडत नाही. ज्वारी, नाचणी, बाजरी, कुळीथ, मूग, मटकी, चवळी, शेवग्याचा पाला, तांदुळजा आणि अंबाडी ही आपली जुनी शिदोरी आहे.

२) घरातील सर्वांना तेच जेवण चालेल काय? एकासाठी वेगळा स्वयंपाक करावा लागला, तर ती योजना महिनाभरही टिकत नाही. त्याचा भार घरातील स्त्रीवरच पडतो.

३) यात पुरेशी प्रथिने आहेत काय? प्रथिनांमुळे पोट भरलेले राहते आणि स्नायू टिकतात.

४) हे आपण पाच वर्षे पाळू शकू काय? उत्तर नाही असेल, तर एक महिनाही पाळण्यात अर्थ नाही.

प्रथिनांचा हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. १०० ग्रॅम हरभऱ्यात सुमारे २०, मूगडाळीत २४, शेंगदाण्यात २५, सोयाबीनमध्ये ३६ ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. पावडरीच्या डब्यावरील तक्त्यात एका चमच्यात किती ग्रॅम आहेत ते वाचावे आणि २० ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात, ते हरभऱ्याच्या भावाशी ताडून पाहावे. एवढे गणित केले की पुष्कळ मोह आपोआप सुटतो. कोकणातील सुकट, जवळा आणि बोंबील हेही प्रथिनांचे चांगले साधन आहे. मात्र त्यात मीठ फार असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ते भिजवून, दोन-तीनदा धुऊन, बेतानेच खावे.

बचत कोठे करावी?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २००० कॅलरींच्या दैनिक आहारात कच्च्या वजनाने २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम कडधान्ये व डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध, ३५ ग्रॅम शेंगदाणे-तीळ यांसारखे पदार्थ आणि २७ ग्रॅम तेल-तूप असे प्रमाण त्यात दिले आहे. वजन कमी करावयाचे असेल तर यातील धान्य आणि तेल प्रथम कमी करावे. डाळ व भाजी कमी करू नये.

चार माणसांच्या घरात या प्रमाणाने महिन्याला साडेतीन लिटर तेल पुरेसे होते. आपल्या घरी किती लागते, ते किराणा मालाच्या यादीत पाहावे. सहा लिटर येत असेल, तर आपला आजार आणि आपला खर्च एकाच डब्यात आहे. फोडणी चमच्याने मोजून घालावी. बरणी वाकडी करून घालू नये.

साखरेचेही तसेच. दिवसातून पाच कप चहा आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे ५० ग्रॅम, सुमारे २०० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवावयास सांगते. साखर निम्मी केल्यास १०० कॅलरी वाचतात. रोजचे दोन चमचे तेल कमी केल्यास ९०, एक भाकरी कमी केल्यास सुमारे १४०, आणि मूठभर फरसाण सोडल्यास सुमारे १५०. बेरीज पावणेपाचशेच्या आसपास जाते. यासाठी एक रुपयाही खर्च झाला नाही, उलट चार पैसे वाचले.

एक दिवसाचा नमुना

सकाळी : कमी साखरेचा चहा, एक भाकरी व उकडलेले अंडे किंवा मोड आलेले मूग.
दुपारी : दोन मध्यम भाकरी अथवा चपात्या, वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, दोन वाट्या भाजी, काकडी अथवा मुळा, ताक.
सायंकाळी : मूठभर फुटाणे, किंवा पेरू अथवा केळे.
रात्री : एक भाकरी किंवा एक वाटी भात, कुळथाचे पिठले अथवा डाळ, पालेभाजी. जेवण शक्यतो आठच्या आत.

यातून सुमारे १४०० ते १५०० कॅलरी मिळतात. अंगमेहनत करणाऱ्यांनी एक-दोन भाकऱ्या वाढवाव्यात. मांसाहाराच्या दिवशी रश्श्यावरचा तेलाचा तवंग काढावा आणि भाताऐवजी भाकरी घ्यावी. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती मेसचा स्वयंपाक नसतो. त्यांनी भात निम्मा घेऊन डाळ दोनदा मागावी आणि अभ्यासाच्या वेळी वडापावऐवजी फुटाणे व शेंगदाणे जवळ ठेवावेत. न्याहारी बुडवून कोणी हुशार होत नाही.

याला चालण्याची जोड हवी. आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा गतीने चालावे.

कोणी सावध राहावे?

गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता, वाढीच्या वयातील मुले, क्षयरोगाचे रुग्ण आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार तोडू नये. पौर्णिमेला अष्टशील पाळणारे उपासक-उपासिका मध्यान्हानंतर भोजन करीत नाहीत. त्याचा हेतू संयम हा आहे, वजन घटविणे नव्हे. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी साखर एकदम उतरण्याचा धोका लक्षात घेऊन आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. त्याने शीलाला बाधा येत नाही.

संस्थेने काय करावे?

प्रसेनजिताजवळ सुदर्शन होता. आपल्याजवळ विहार आहे. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक वजनकाटा, एक टेप आणि एक वही ठेवावी, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांनी वजन व कमरेचा घेर स्वतः नोंदवावा. कोणाचा आकडा मोठ्याने वाचू नये आणि कोणाच्या शरीरावर विनोद करू नये. दुसऱ्याला हिणविणे हे आपल्या मैत्रीभावनेत बसत नाही. काट्याचा खर्च एकदाच येईल आणि तो साऱ्या वस्तीच्या कामी येईल. जयंती आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भोजनदानातही बुंदी व पुरी यांच्या जोडीला उसळ आणि कोशिंबीर ठेवता येईल. वाढणाऱ्याने आग्रह कमी करावा, हेही एक दानच समजावे.

ज्या भगिनीचा उल्लेख आरंभी केला, तिने आता डबे बंद केले आहेत. ती फोडणीला चमचा वापरते, सायंकाळी चालते आणि तिचे वजन सावकाश उतरते आहे. मुलाची फी वेळेवर भरली जाते. आमच्या मते आहाराच्या निवडीची खरी कसोटी हीच होय : शरीर हलके व्हावे आणि घरावर कर्जाचा भार चढू नये.

जयभीम!