परभाषेतील पैशाचा अभ्यास

लखनौत स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी माणसाने लोकांची बचत म्युच्युअल फंडांत गुंतवून देण्याचा व्यवसाय पत्करावयाचे ठरविले, तर त्याला आधी परीक्षा द्यावी लागते. ही परीक्षा घेणारी राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था 'सेबी'ने 2006 साली स्थापन केली. 100 प्रश्न, 2 तासांचा अवधी आणि उत्तीर्ण होण्यास 50 टक्के गुण, असे वितरकांच्या परीक्षेचे स्वरूप आहे. ती हिंदीतूनही देता येते. ज्यांच्याशी उद्या बोलावयाचे ते लोक हिंदी भाषिक, म्हणून आपला परीक्षार्थी हिंदी माध्यम निवडतो. लिपी तीच, शब्दही बहुतेक ओळखीचे. मग अडचण ती कसली, असे त्याला वाटते.

अडचण अनोळखी शब्दांची नसतेच. 'निवेश' म्हणजे गुंतवणूक, 'मूलधन' म्हणजे मुद्दल, हे पाठ करता येते. घात करतात ते ओळखीचे शब्द. आपला 'हप्ता' हिंदीत 'किस्त' होतो आणि हिंदीतला 'हफ्ता' म्हणजे आठवडा! 'साधारण ब्याज' वाचून मराठी मन नेहमीचे, सर्वसामान्य व्याज समजते. वस्तुतः ते सरळ व्याज होय. 10,000 रुपयांवर 8 टक्के दराने दोन वर्षांनी सरळ व्याजाने 11,600 रुपये होतात, चक्रवाढीने 11,664. परीक्षेत त्या 64 रुपयांवर गुण जातो.

जपानमध्ये वित्तनियोजनाची राष्ट्रीय परीक्षा आहे. तिच्या सहा विषयांत कर, स्थावर मालमत्ता आणि वारसा हेही येतात. तेथील चित्राक्षरांतून अभ्यास करणारा परदेशी मनुष्य प्रत्येक शब्दापाशी थबकतो, कारण आपण परक्या मुलुखात आहो हे तो क्षणभरही विसरत नाही. शेजारच्या भाषेत शिरताना आपण नेमके हेच विसरतो.

यावर उपाय साधा आहे. वहीत तीन रकाने आखावे: पहिल्यात हिंदी शब्द, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात आकड्यांनिशी एक उदाहरण. तिसरा रकाना भरता आला नाही, तर शब्द समजलेला नाही असे खुशाल मानावे.

कारण खरी कसोटी परीक्षेनंतरच लागते. समजा, एक वृद्ध गृहस्थ विचारतात, "पत्नीचे नाव बँकेच्या कागदावर घातले, म्हणजे सारी ठेव तिचीच ना?" येथे 'नॉमिनी' आणि 'वारिस' हे शब्द एकाच अर्थाने वापरले, तर अनर्थ होईल. नामनिर्देशित व्यक्ती ठेवीची रक्कम बँकेकडून स्वीकारू शकते. परंतु तेवढ्याने इतर वारसांचा हक्क बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली स्पष्ट केले आहे. ठेव कोणाला मिळावी हे ठरवावयाचे असेल, तर मृत्युपत्र करणे इष्ट, आणि हिंदीत त्याला 'वसीयत' म्हणतात. हा एक शब्द त्या गृहस्थांना वेळीच, त्यांच्या भाषेत समजावून सांगता आला, तर परीक्षेचे सार्थक झाले म्हणावयाचे.