देवासहून मिरजेस दोन तंबोरे

तंबोरा हे वाद्य प्रवासाकरिता निर्माण झालेलेच नाही. साडेचार-पाच फूट लांबीचा पोकळ लाकडी देह, पंढरपूर-मंगळवेढ्याकडे पिकून वाळलेला भला मोठा भोपळा, त्यावर तबलीचे पातळ लाकूड आणि या सर्वांना एकत्र धरून ठेवणारे सरसाचे सांधे, असा हा नाजूक सरंजाम. त्याने गवसणीत शिरून खोलीच्या कोपऱ्यात उभे राहावे आणि गाणाऱ्याने त्याच्याकडे चालत यावे, हीच त्याची प्रकृती. परंतु तारा टेकतात त्या घोडीची जवारी बसली, भोपळ्याच्या सांध्याला केसाएवढी भेग दिसू लागली, की त्याला मिरजेस न्यावेच लागते. कारण ज्या कारागिरीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती त्या गावच्या सतारमेकर मंडळींच्या हातात पिढ्यानुपिढ्या मुरलेली आहे. तेव्हा गेल्या फाल्गुनात आमच्या घरचे दोन तंबोरे घेऊन देवास ते मिरज हा नऊशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास मोटारीने करण्याचे ठरले.

देवासमध्ये तंबोऱ्याची वाहतूक ही काही अपूर्व घटना नव्हे. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्ये एकाच गावात नांदली आणि ज्या 1948 साली ती मध्य भारतात विलीन झाली, त्याच साली कुमार गंधर्व प्रकृतीसाठी येथील कोरड्या हवेत येऊन राहिले ते कायमचेच. त्यांच्यानंतर देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी तंबोऱ्यांची येजा अखंड चालू आहे. इतकी वर्षे ती पाहूनही, तंबोरा गाडीत ठेवणे म्हणजे गादीवर आडवा करून दार लावून घेणे, अशीच माझी समजूत होती. ती दूर केली माझ्या भाच्याने. हा गृहस्थ इंदूरच्या एका ट्रान्सपोर्टात सहा वर्षे मालाची भरणी पाहत होता, आणि गाडीही त्याचीच, सात आसनांची.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात त्याने गाडीचे सर्व दरवाजे उघडले आणि प्रथम सामान नव्हे, तर कागद मागितले. नोंदणीपत्रात गाडीचे रिकामे वजन, हस्तपुस्तिकेत भरल्या गाडीची कमाल मर्यादा. या दोहोंची वजाबाकी म्हणजे आपला अधिकार, एवढाच तो हिशेब, पण तो केलेला मनुष्य मी पूर्वी पाहिला नव्हता. सरासरी पासष्ट किलोची सात माणसे बसली की साडेचारशेहून अधिक किलो माणसांतच खर्ची पडतात आणि सामानाच्या वाट्याला उरते ते थोडके. लग्नसराईत टपावर ट्रंका बांधून धावणाऱ्या गाड्या हा हिशेब कोणत्या दप्तरी मांडतात, देव जाणे. आम्ही तिघेच होतो, त्यामुळे वजनाची चिंता नव्हती. चिंता होती ती मांडणीची.

दोन्ही तंबोऱ्यांच्या तारा त्याने उतरवून सैल करविल्या; मात्र साफ सोडू दिल्या नाहीत, कारण तारांचा दाब पुरता गेला तर घोडी जागची हलते. मागील आसने निजवून आणि मधल्या रांगेतील दोन आसनांची पाठ पाडून त्याने लांबलचक सपाट जागा केली, आणि मग माझ्या मते अत्यंत विचित्र असे काहीतरी केले: फायबरच्या पेट्यांत बंद केलेले तंबोरे त्याने भोपळा पुढे आणि दांडी मागच्या दाराकडे अशा बेताने निजविले, एक भोपळा पुढच्या आसनाच्या पाठीशी आणि दुसरा त्याच्या हातभर मागे. मी म्हणालो, "अरे, भोपळा नाजूक, तो आधी आपटेल."

"मामा, ब्रेक गाडीला लागतो, सामानाला लागत नाही," तो म्हणाला. "दांडी पुढं ठेवली, तर ती सुटल्यावर कोणाच्या मानेत जाईल?"

या एका वाक्याचा अर्थ मला तो बोलत असता जितका कळला त्याहून अधिक रात्री कागदावर आकडे मांडून कळला. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर आतील प्रत्येक न बांधलेली वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे चौदापट जोराने पुढे झेपावू पाहते. म्हणजे वीस किलोची बॅग त्या क्षणी पावणेतीनशे किलोच्या जोराने पुढल्या आसनावर येते. भोपळा फुटला तर मिरजेत दुसरा मिळतो, हा भाच्याचा हिशेब निष्ठुर वाटला तरी बिनतोड होता.

भोपळ्यांच्या पुढे त्याने घडी घातलेली जाड रजई कोंबली आणि पेट्यांवरून रबरी ताणाची दोरी नव्हे, तर कडी आवळून घट्ट होणारे पट्टे घेऊन ते गाडीच्या तळाशी असलेल्या लोखंडी कड्यांत अडकविले. रबर ताणले जाते आणि नेमक्या धक्क्याच्या वेळी सैल देते, हा त्याचा त्यावरचा आक्षेप. शेवटी पेटीला हात लावून त्याने जोराने हिसका दिला. पेटीबरोबर सबंध गाडी हलली, तेव्हा त्याचे समाधान झाले.

उरलेल्या सामानाची गोष्ट माझ्या पत्नीच्या लोणच्याच्या बरण्यांपासून सुरू होते. सांगलीच्या बहिणीसाठी तिने चार बरण्या भरल्या होत्या आणि त्या पायाशी ठेवून घेण्याची तिची तयारी होती. जड ते खाली, जड ते मध्यभागाजवळ, डावे-उजवे वजन सारखे, आणि पायाशी काही नाही, हा भरणीचा शिरस्ता त्याने मामीपुढेही शिथिल केला नाही. बरण्या खोक्यात घालून मधल्या रांगेच्या तळाशी गेल्या. डावे-उजवे सारखे वाटून घेण्याची विद्या खरे तर आमच्या दोन पात्यांच्या गावाला कोणी नव्याने शिकवू नये, पण घराघरांत ती उतरलेली दिसत नाही. पायाशी काही ठेवू नये, हे मात्र मी स्वानुभवाने मान्य केले. काही वर्षांपूर्वी सेंधव्याजवळ मी स्वतः गाडी चालवीत असता एकाएकी गाय आडवी आली, मी ब्रेकवर पाय दिला आणि तो अर्ध्यावरच अडला. आसनाखालून घरंगळत आलेली पाण्याची बाटली पायपट्टीखाली बसली होती. गाय शहाणी, म्हणून ती बाजूला झाली.

चाकांतील हवा त्याने पहाटे, गाडी हलण्यापूर्वी, स्वतःच्या मापाने तपासली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या कागदावर हवेचे दोन आकडे असतात, एक थोडक्या भारासाठी आणि दुसरा भरल्या गाडीसाठी. ते थंड चाकाचे असतात, आणि वीस किलोमीटर धावून पंपावर गेल्यावर घेतलेले माप फसवे निघते. मागे भार पडला की गाडीचे नाक वर होते आणि दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. त्यासाठी झोत खाली आणणारी एक लहानशी चकती चालकापाशी असते. पाच वर्षे गाडी वापरणारे किती गृहस्थ तिला हात लावतात, हे मी परिचितांना विचारले. बहुतेकांना ती आहे हेच ठाऊक नव्हते.

पाच वाजता निघालो. फाटकातून बाहेर पडण्यापूर्वी त्याने आरशात मागे पाहिले आणि म्हणाला, "मामी, पट्टा." मामींचा सांगलीपर्यंतचा पहिला रुसवा येथेच घडला. पुढल्या माणसाने पट्टा बांधावा आणि मागल्याने आरामात बसावे, ही आपल्याकडची रूढी आहे. वास्तविक 1959 मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी आणलेला तीन टोकांचा पट्टा मागल्या माणसालाही तेवढाच हवा, कारण न बांधलेला मनुष्य आणि न बांधलेली ट्रंक यांत पदार्थविज्ञान भेद करीत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा ते मागच्या आसनावर पट्ट्याविना होते. पट्टा न बांधल्याचा दंड कायद्याने 1000 रुपये आहे. मामींवर दंडापेक्षा या वार्तेचा परिणाम अधिक झाला, आणि रुसवा मानपूरपर्यंतच टिकला.

मानपूरच्या पुढे माळव्याचे पठार संपते आणि धार जिल्ह्यातील गणपती घाटाने रस्ता निमाडात कोसळतो. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांमुळे या उताराचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार आले, आणि अलीकडे उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा, सौम्य उताराचा रस्ता काढावा लागला. माथ्यावरच भाच्याने गिअर खाली घेतला आणि इंजिनलाच गाडी धरू दिली. ब्रेक तो मधून मधून दाबून सोडी, सतत दाबून ठेवीत नसे. सतत दाबलेला ब्रेक तापतो, तापला की पकड सोडतो, आणि भार जितका अधिक तितकी ही उष्णता अधिक. पुढल्या गाडीपासून त्याने निदान दोन सेकंदांचे अंतर राखले होते, जे ताशी 80 किलोमीटरला सुमारे 44 मीटर होते. त्या मोकळ्या जागेत वाटेत किती लोकांनी आपल्या गाड्या घुसविल्या, याची मोजदाद मी खलघाटच्या नर्मदेपर्यंत ठेवली आणि मग सोडून दिली. दर वेळी तो निमूट मागे सरकून अंतर पुन्हा निर्माण करी. मला वाटते, गाडी चालविण्यातील सर्वांत कठीण कसब हेच असावे.

बिजासन घाट, शिरपूर, तापी ओलांडून धुळ्याला दुपारी जेवायला थांबलो, ते झाडाच्या दाट सावलीत गाडी उभी करूनच. उन्हात बंद गाडी भट्टीसारखी तापते आणि सरसाचे सांधे ते सोसत नाहीत. दर थांब्याला तो पट्ट्यांना हिसका देऊन पाही, आणि दोनदा त्याला ते किंचित आवळावेही लागले, कारण खालच्या आसनांची गादी दबत जाते. अंधार पडल्यावर चालवायचे नाही, हा त्याचा आणखी एक हट्ट. म्हणून रात्रीचा मुक्काम अहिल्यानगरला केला आणि दुसऱ्या दिवशी पुणे, सातारा, कराडवरून मिरजेस पोहोचलो.

कारागिराने पेट्या उघडल्या, दोन्ही भोपळ्यांच्या सांध्यांवरून अंगठा फिरविला, बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकला आणि जुनी भेग होती तेवढीच आहे, असे सांगितले. जवारीला आठ दिवस लागणार होते.