चाबूक कुणावर उगारलाय?

शंकर पिल्लई यांचे २८ ऑगस्ट १९४९ चे एक व्यंगचित्र आहे. संविधान म्हणजे एक गोगलगाय, तिच्यावर हातात चाबूक घेऊन बसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू आणि भोवती बघ्यांची गर्दी. घटना तयार व्हायला फारच वेळ लागतोय, ही त्या काळची तक्रार. एनसीईआरटीने २००६ मध्ये हे चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात घेतले आणि इतका वेळ का लागला असावा, असा प्रश्न मुलांपुढे ठेवला. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ उठला. मंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली, पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोडही झाली. चित्र पुस्तकातून गेले. माझ्या मते ते राहायला हवे होते, पण एकटे नव्हे.

चित्रात बाबासाहेबांचा अपमान होतो, हे विरोध करणाऱ्यांचे म्हणणे हलक्यात घेण्याजोगे नाही, निदान रायगडात तरी नाही. तळा गावाहून इंदापूर गाठून महामार्गाला लागले की माणगावनंतर महाड येते. तिथल्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. ज्याच्या पणजोबांना सार्वजनिक पाणवठा बंद होता, तो मुलगा तळा गावातल्या वर्गात बसून हे चित्र बघेल तेव्हा त्याला गोगलगाय नंतर दिसेल, आधी एका ब्राह्मण पंतप्रधानाच्या हातातला चाबूक दिसेल. हे त्याचे अतिसंवेदनशील होणे नव्हे. उन्नमती श्याम सुंदर यांनी १९३२ ते १९४८ या काळातली आंबेडकरांवरची व्यंगचित्रे गोळा करून २०१९ मध्ये पुस्तक काढले. तत्कालीन वृत्तपत्रांनी बाबासाहेबांची टवाळी किती सातत्याने केली, हे त्यातून कळते. शंकर यांचा हेतू निर्मळ होता असे म्हणून हा मुद्दा निकालात निघत नाही.

मात्र चित्र काढून टाकल्याने आरोप पुसला जात नाही, उत्तर तेवढे हरवते. आणि उत्तर खुद्द बाबासाहेबांनी दिले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी दिरंगाईच्या आरोपाचा हिशेबच मांडला: ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली, अमेरिकेचे काम चार महिन्यांत आटोपले, पण त्यांची कलमे अवघी सात आणि आपली ३९५, दुरुस्त्या सुमारे ७,६३५ आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे भाषण शेजारी ठेवले की तोच वर्ग निराळा होतो. नेहरूंचा चाबूक गोगलगाईवर आहे की स्वारावर? स्वाराच्या हातातही चाबूक आहे, मग घाई कुणाला नव्हती? बघ्यांच्या गर्दीत कोण आहे आणि कोण नाही? ज्यांनी दुरुस्त्यांचा डोंगर उभा केला, ते चित्रात कुठे आहेत? अशा प्रश्नांपाशी मुलाला उमगते की व्यंगचित्र ही एका बाजूची कैफियत असते, निकाल नव्हे. नुसत्या परिच्छेदातून हे शिकवायला महिना जाईल.

सोळा वर्षांच्या मुलांना हे झेपेल का, असाही एक आक्षेप असतो. पाठ्यपुस्तकांच्या छाननीसाठी नेमलेल्या सुखदेव थोरात समितीने पुढे आणखी काही चित्रे वगळण्याची शिफारस केली, सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी मात्र आपली असहमती नोंदवली. मला पांडियन यांची बाजू पटते. दोन वर्षांत मतदान करणाऱ्याला चित्र वाचता येणार नाही असे मानणे विचित्रच (मोबाइलवर तो याहून विखारी चित्रे रोज बघतो, तीही शिक्षकाविना). खरी अडचण शिक्षकाची आहे. गावात बोभाटा झाला तर संस्था पाठीशी उभी राहील का, ही धास्ती त्याला असते आणि ती खोटी नाही. म्हणून चित्र आणि भाषण दोन्ही पाठ्यपुस्तकातच छापलेली हवीत, शिक्षकाने आपल्या जबाबदारीवर झेरॉक्स काढून वाटलेली नकोत. आणि परीक्षेत चित्र पटले की नाही यावर गुण न ठेवता, पटण्या-न पटण्याचे कारण चित्रातल्या कोणत्या रेषेवर आणि भाषणातल्या कोणत्या आकड्यावर टेकवले आहे, त्यावर ठेवावेत.